उणकलमधला परदेशी नागरिक

तो निनावी अर्ज येऊन तीन वर्षं झाली, मी निवृत्तही झालो, तरी एखाद्या दुपारी तो आठवतो आणि हातातला पेपर तसाच राहतो.

त्या वेळी मी हुबळीला आयुक्त कार्यालयात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं काम पाहत होतो. धारवाडला शिकायला आलेली मुलं, त्यांचे व्हिसा, मुदतवाढीचे कागद. आमच्या खात्यात याला कोणी मोठं काम समजत नाही.

अर्ज कानडीत होता. हुबळीतल्या उणकल भागात एका घरात एक परदेशी नागरिक पोलिसांना न कळवता राहतो आहे, आणि त्याच्या व्हिसाची मुदत संपून एकेचाळीस दिवस झाले आहेत, असा मजकूर. खाली एक ओळ जास्तीची होती : ‘सदर इसम सज्जन आहे. त्याच्याशी नीट वागावे.’ निनावी अर्ज मी शेकडो वाचले. त्यात शिव्या असतात, जुनी वैरं असतात. अशी ओळ कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी एका हेड कॉन्स्टेबलला घेऊन मी त्या पत्त्यावर गेलो. दार चाळिशीच्या एका माणसानं उघडलं. अंगात घरचा सदरा, हातात भाजी चिरायची विळी. हेड कॉन्स्टेबलनं कानडीत विचारलं, इथे कोणी फॉरेनर राहतो का?

“नानs री,” तो म्हणाला. मीच. तेही आमच्या धारवाडी हेलात. मग आत जाऊन त्यानं पासपोर्ट आणून दिला. युरोपातल्या एका लहान देशाचा. जन्मस्थान लिहिलं होतं : अळणावर, म्हणजे आमच्याच धारवाड जिल्ह्यातलं.

आतल्या खोलीत त्याची आई पलंगावर बसली होती. अळणावरच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. हृदयाचं दुखणं, चार पावलं चाललं की धाप. घरात पोलीस आले की माणसं एक तर खूप बोलतात, नाही तर घाबरतात. बाईंनी नुसता चष्मा काढून पुसला.

त्याला मी कार्यालयात बोलावून जबाब घेतला. आधी तो प्रश्नाला हो-नाही एवढंच सांगत होता. चहा मागवल्यावर जरा सैल झाला.

“इथल्याच कंपनीचं काम लॅपटॉपवर करत होतो, साहेब. तिकडे घरून काम करणाऱ्यांना व्हिसा देतात म्हणून गेलो. ठरावीक वर्षं सलग राहिलं की नागरिकत्व मागता येतं. पण सलग. मध्ये जास्त दिवस बाहेर गेलं की मोजणी पहिल्यापासून.”

“म्हणून आला नाहीत?”

“बाबा गेले तेव्हाही. सगळं मोबाईलवर बघितलं. इथे अंगणात माणसं, आणि मी खोलीत एकटा. शेजाऱ्याचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं.”

नागरिकत्वाची शपथ त्यानं घेतली त्या दिवशी फोटो काढायला बरोबर कोणी नव्हतं. तिथल्या कारकुनानं काढून दिला.

“मला वाटायचं, एकदा नागरिकत्व मिळालं की सुटलो. हवं तेव्हा आईकडे येईन,” तो म्हणाला. “इथला पासपोर्ट जमा करावा लागला. मूळ भारतीयांना मिळतं ते कार्ड अजून हाती आलं नाही. आता आईला भेटायला मलाच व्हिसा लागतो.”

पण जबाब पुरा करणं भाग होतं. मी विचारलं, “मुदतीची तारीख कुणाला ठाऊक होती?”

“कुणालाच नाही. पासपोर्ट आईच्या कपाटात असतो.”

तो हे सहज बोलून गेला. मी मात्र लिहिता लिहिता थांबलो. अर्जात दिवस मोजून लिहिले होते.

त्याला बाहेर बसवून मी एकटाच उणकलला गेलो. अर्ज बाईंच्या पुढ्यात ठेवला.

“अक्का, हा कुणी लिहिला?”

“मीच,” त्या म्हणाल्या. “दूधवाल्याकडून पोस्टात टाकला.”

“पोराविरुद्ध?”

“विरुद्ध कसा? तो जायचं नावच काढीना हो. ‘तुला असं टाकून कसा जाऊ’ म्हणतो. सांगून सांगून दमले. असाच बेकायदा राहिला तर पुन्हा व्हिसा देतील का तुम्ही? मी आज आहे, उद्या नाही. मग त्याला हे दार कायमचं बंद. माझं ऐकत नाही, सरकारचं तरी ऐकेल म्हटलं.” मग हात जोडून म्हणाल्या, “त्याला सांगू नका. आईनं घालवलं असं वाटेल त्याला.” नाही सांगणार, असा शब्द मी दिला.

मी कायद्याप्रमाणेच केलं. दंड, देश सोडण्याची नोटीस, जाण्याचा परवाना. आईच्या आजाराचे दाखले जोडून, त्याचं नाव काळ्या यादीत जाऊ नये अशी शिफारस वर पाठवली. ती मान्य झाली. जाताना त्यानं मला एकच विचारलं, “अर्ज कुणी केला, साहेब?”

“निनावी होता,” मी म्हणालो.

“ज्यानं केला त्याचं कधी भलं होणार नाही.”

मी परवाना त्याच्या हातात दिला.

तो गेल्यावर खात्री करून अहवाल द्यायचा असतो, म्हणून मी पुन्हा त्या घरी गेलो. कामाला एक मोलकरीण ठेवली होती, ती मागे भांडी घासत होती. बाई पलंगावर तशाच बसलेल्या. मी वही काढली.

“लिहा,” त्या म्हणाल्या, “घरात आता कोणी परदेशी नाही.”

पाच महिन्यांनी तो रीतसर व्हिसा घेऊन परत आला. शेवटचे नऊ दिवस आईच्या उशाशी होता. ते नऊ दिवस त्याला त्या अर्जामुळे मिळाले, हे बाईंना ठाऊक होतं आणि मला.

अर्ज आला की यात फायदा कुणाचा हे आधी बघ, असं मला नोकरीत शिकवलं होतं. या प्रकरणानंतर मी नुकसान कुणाचं हेही बघायला लागलो. दिवाळीला त्याचा अजून फोन येतो. दर वेळी वाटतं, आता सांगावं. पण मी बाईंना शब्द दिला होता. तो माझी चौकशी करतो, मी तिथल्या थंडीची करतो, आणि आम्ही फोन ठेवतो.