मामाकडची बाळंतीण

देवबागपासून आरोंद्यापर्यंत आमच्या मामासारखा माणूस दुसरा झाला नाही, कारण घरात मासे आणून ते न खाणारा या पट्ट्यात तो एकटाच. खाडीतलं कालुंदर म्हणजे झणझणीत कालवणाची, तिखल्याची वस्तू. मामाने त्याची जोडी काचेच्या पेटीत पाळली होती. वाडीत टीव्ही यायचा होता तेव्हा हा रोज संध्याकाळी पेटीसमोर खुर्ची टाकून बसे. मामी म्हणायची, "माझ्या तोंडाकडे कधी येवढो वेळ बघल्यानी नाय."

जोडीने आतल्या फुटक्या कौलावर अंडी घातली, की एकाने पंखांनी वारा घालायचा, दुसऱ्याने चरून यायचं, मग पाळी बदलायची. पण कुणी काचेवर बोट वाजवलं की बिथरून ती स्वतःचीच अंडी खाऊन टाकत. असं दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा मामा जेवला नाही. तिसऱ्या खेपेला त्याने पेटीला मामीचं जुनं लुगडं गुंडाळलं आणि येईल त्याला दारातच सांगू लागला, "हळू बोला, घरात बाळंतीण आसा." शेजारणी मामीकडे निरखून बघू लागल्या. एकीने तर आळिवाचे लाडू आणून दिले. ते मामाने खाल्ले.

नेमके तेव्हाच मला बघायला पाहुणे आले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, त्यामुळे आईची छाती फुगलेली. मामाचं घर रस्त्यालगत, म्हणून बैठक तिथे. मामाने सगळ्यांना पडवीतच बसवलं. मुलाचे काका मात्र पाणी प्यायच्या निमित्ताने आत शिरले, लुगडं वर केलं आणि काचेवर टकटक करून म्हणाले, "बरी पोसलीत हो. तिखल्याक होतीत."

मामा शांतपणे म्हणाला, "ज्यांका घडीभर गप रवान बघूक जमणा नाय, तेंका मी माझी भाची देवचंय नाय."

पाहुणे गेले. आई रडायला लागली. खरं सांगायचं तर मुलगा मला बरा वाटला होता. मामा लुगड्याची कड धरून कितीतरी वेळ वाकलेला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "खाल्ल्यानी नाय गो. वारो घालतत."

पुढे माझं लग्न दुसरीकडे झालं. मामीने अंथरूण धरल्याचं कळलं तेव्हा भेटायला गेले. पेटी कोरडी होती. जोडी पिल्लांसकट त्याने खाडीत सोडली होती. खुर्ची आता मामीच्या उशाशी होती आणि मामा हातपंखा हलवत तिच्या तोंडाकडे बघत बसला होता. मी पंख्यासाठी हात पुढे केला.

"आदी जेवान ये," तो म्हणाला. "मगे तुझी पाळी."