सेक्रेटरींची म्हैस आणि माझं समालोचन

देवासला हॉकीच्या सामन्यांचं धावतं समालोचन मी कॉलेजात असताना करायचो. संस्थानं नुकतीच विलीन झाली होती, पण धारचा संघ आला की मैदानावर अजून दरबारच भरायचा. खुर्च्यांवर मानकरी, दोरीपलीकडे आम्ही. मला माइक मिळाला तो शाळेतल्या गुरुजींच्या शब्दामुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीपुढे गेलं नव्हतं. गुरुजींनी मला शिकवलं, चारचौघांत बोलायला लावलं. त्यांचे उपकार मी विसरलो नाही. त्या मैदानावरचा अपमानही विसरलो नाही.

अंतिम सामन्यात आमच्या कप्तानाने समोरचा मोकळा गोल चुकवला. मी दिसलं ते बोललो. कप्तान क्लबच्या सेक्रेटरींचा पुतण्या. सेक्रेटरी खुर्चीवरून उठले, माझ्या हातातला माइक काढून घेतला आणि म्हणाले, "याचा बाप आमच्या पोरांच्या सदऱ्यांची मापं घेतो, आणि हा आम्हाला हॉकी शिकवतो!"

सगळं मैदान हसलं. संघाचे सदरे माझ्या वडिलांनी, आबांनीच शिवलेले. ते गर्दीत उभे होते. लोक त्यांच्याकडे बघून हसले, म्हणून तेही हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते. त्यानंतर ते कधी सामना बघायला आले नाहीत.

पुढे मी बी.ए. झालो. नगरपालिकेने बागेत भोंगा लावला आणि संध्याकाळी त्यावरून गावच्या बातम्या वाचायला मला नेमलं. नळ किती वाजता येईल, देवीची लस कुठे टोचतील, हाटपिपल्याची मोटार का बंद आहे, हे सगळं मी सांगायचो. गाव फिरायला येई आणि ऐकत बसे. शिक्षणाने माणूस क्षमाशील होतो, असं गुरुजी म्हणत. मी शिकलो होतो, तरी वाट बघत होतो.

बागेत जनावर शिरलं तर ते शेजारच्या कोंडवाड्यात जाई आणि मालकाचं नाव भोंग्यावर पुकारलं जाई. सोडवायला मालकाने स्वतः यायचं. गडी पाठवून भागत नसे.

एके दिवशी बातम्यांच्या थोडं आधी माळी धावत आला. "भिया, सेक्रेटरी साब की भैंस! पूरी क्यारी चर गई!"

पाठोपाठ सेक्रेटरींचा गडी. "साहेब म्हणतात, नाव घेऊ नका. म्हैस मागच्या दाराने सोडा."

"साहेबांना सांग," मी म्हणालो, "बातम्या सुरू होताहेत. ऐकायला या म्हणावं."

मग मी माइकसमोर बसलो आणि मैदानावरचा आवाज काढला. "म्हैस डाव्या बगलेने आत... माळी आडवा आला, माळ्याला चकवलं... कारंज्याला वळसा घालून थेट गुलाबांच्या वाफ्यात! आणि म्हशीचे मालक..." नाव मी घेतलं, सगळ्या किताबांसकट, दरबारात ललकारी देत तसं.

बाग खदखदली. कुणीतरी ओरडलं, "भिया, फिर से!" मी पुन्हा सांगितलं.

शेवटी ते स्वतः आले. डोक्याला फेटा, हातात म्हशीचा दोर. म्हैस कोंडवाड्याच्या दारातून हलेना.

"मालक ओढताहेत," मी माइकवर म्हणालो. "म्हैस तयार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पुरे झालं," ते म्हणाले.

"बातमी संपली की पुरे करतो," मी म्हणालो. म्हैस फाटकाबाहेर जाईपर्यंत मी बोलत राहिलो.

आमच्या गल्लीत भोंगा ऐकू येत नसे. घरी येऊन मी आबांना सगळं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं.

"सगळे हसले?"

"सगळे."

"आणि तो?"

"तो नाही हसला."

आबांनी मशीनवरचं कापड घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "उद्या पुन्हा वाचशील?"

"बातमी शिळी होईल, आबा."

"होऊ दे."

दुसऱ्या दिवशी ते दुकान लवकर बंद करून बागेत आले, पुढच्या बाकावर बसले, आणि मी वाचली.