राखेची परीक्षा

ये गं, अशी जवळ सरक. आणि ‘कोंबडी ती कोंबडी, त्यात काय ओळखायचं’ असं पुन्हा म्हणालीस तर कान पिळीन. बहिणीची लेक असलीस म्हणून काय झालं? ऐक.

पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट असेल. आम्ही एकलहऱ्याला राहायचो, हे पॉवर हाऊसवर कामाला. घरामागे माझ्या गावठी कोंबड्या आणि थोड्या पांढऱ्या, विकतच्या. त्यांची सरमिसळ झाली नि पिल्लांची पिसं निघाली सैल, कापसासारखी. त्या पावसाळ्यात भिजून भिजून सात तलंगा मेल्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, वयात येणारी पोरच म्हण ना. हे म्हणाले, “पुढच्या पावसाळ्यात असंच झालं तर सगळ्या विकायच्या.” मी म्हटलं, “बघूच.” घट्ट पिसांची जात मी तयार करणारच, हे डोक्यात पक्कं बसलं.

त्यासाठी कोंबडा चांगला हवा. थंडीत एसटीनं वणीच्या बाजाराला गेले. एक काळाभोर कोंबडा दिसला, अंगावर नुसती झळाळी! विकणारा म्हणाला, “मावशी, अस्सल सुरगाण्याकडचा हाय. पाणी टाकून बघा.” टाकलं, तर थेंब टपाटप खाली. मी खूश.

घरी आल्या आल्या तो चुलीच्या राखेत लोळला. कोंबड्या लोळतातच, अंगातले किडे जातात त्यानं. पण उठून कितीदा अंग झाडलं तरी राख जाईना! पिठाच्या गिरणीवाल्यासारखा दिसायला लागला. हात फिरवला तर बोटांना खोबरेल. शेजारीण हसून हसून बेजार. “तेल झालंय, आता वेणी घाला की त्याची!”

रडूच आलं मला. पण अक्कलही आली: तेल असो की सैल पिसं, राखेपुढे काही लपत नाही. पुढच्या बाजाराला त्याच कोंबड्याला घेऊन गेले, बरोबर राखेची पुरचुंडी.

“मावशी, कोंबडा घेताय का भांडी घासताय?”

“तू तेल लावतोस, मी राख लावते. बदलून दे, नाहीतर तुझ्या सगळ्या कोंबड्यांना इथंच लोळवते.”

माणसं जमायला लागली तसा तो नरमला. एकेकाच्या अंगावर राख टाकून बघितली. एक तांबूस होता, दिसायला अगदी साधा. त्यानं एकदा अंग झाडलं नि लख्ख! पिसांवर फुंकर मारली तरी कातडी दिसेना. तोच आणला.

पांढऱ्या देऊन टाकल्या. घट्ट पिसांच्या दोन गावठींची अंडी खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या कोंबडीखाली ठेवली. पिल्लं वाढली तशी एकेकीला राखेतून काढलं, सैल पिसांची एकही ठेवली नाही.

आषाढात झड लागली. हे खिडकीत उभे. तलंगा पडवीत यायच्या, अंग झाडायच्या नि पुन्हा चरायला बाहेर. एकही दगावली नाही. दुसऱ्या दिवशी हे कामावरून येताना खुराड्यासाठी नवे पत्रेच घेऊन आले.

त्याच वंशातली चार पिल्लं तुझ्यासाठी काढून ठेवणार होते, पण नाही. तुझी तू निवडायचीस, तुझ्या हातानं. आज बोलण्यातच दिवस गेला. लवकर ये बाई पुन्हा, आणि जुने कपडे घालून ये.