युरियाचा आळ

आमच्या भागात युरिया म्हणजे दोन गोष्टी. एक पोत्यातला, पांढरा दाणेदार, कपाशीच्या बुडाशी टाकायचा. दुसरा डब्यातला, पाण्यासारखा, नव्या डिझेल गाड्यांच्या वेगळ्या टाकीत ओतायचा, म्हणजे धुरातलं विष कमी होतं. डब्यावर भलतंच लांब नाव छापलेलं असतं, पण ते वाचतो कोण? पंपवाला ‘युरिया टाकू का’ विचारतो, ड्रायव्हर ‘युरिया संपला’ म्हणतो, आणि मग एखादा शहाणा खताचा युरिया बादलीत कालवून टाकीत ओततो. असे महाभाग मी पाहिलेत. त्यांच्या टाक्या उघडताना मी तोंडाला आवर घालत नाही.

वडनेर भोलजीजवळ हायवेला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वायरिंगमध्ये माझा हात धरणारा नांदुऱ्यापासून मलकापूरपर्यंत कोणी नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगेपर्यंत थांबायला मला वेळ नसतो.

मका निघण्याचे दिवस होते. सकाळीच एक ट्रक रखडत रखडत दुकानासमोर आला. युरियाचा दिवा लागलेला, इंजिनाची ताकद गाडीनं स्वतःच कमी केलेली; युरियात खोट वाटली की या नव्या गाड्या तसंच करतात. मालक एका दारानं उतरला, ड्रायव्हर दुसऱ्या; एकमेकांकडे बघेनात. मालक जवळच्याच गावचा, बऱ्यापैकी जमीनवाला, बैलं गेल्यावर ट्रक घेतलेला. ड्रायव्हर चाळिशीतला, कमी बोलणारा, गाडी आल्यापासून तिच्यावरच.

“यानं खताचा युरिया कालवून टाकला अन् डबे बाहेर इकून खाल्ले,” मालक म्हणाला. “काल एका गॅरेजात मशीन लावली. मशीनच सांगून राह्यली ना, युरिया क्वालिटी म्हून.”

हेच त्यानं आदल्या दिवशी फाट्यावरच्या हॉटेलात, चहा पीत बसलेल्या ड्रायव्हरांसमोर मोठ्यानं सांगितलं होतं. फाटा माझ्या दुकानातून दिसतो. तिथं बोललेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या लाइनीत पोचतं.

“म्या नाई टाकला,” ड्रायव्हर म्हणाला. मग मालक तोंड धुवायला गेल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच बोलला, “भाऊ, या लाइनीत एकदा चोर नाव पडलं तं कोनी स्टेरिंग देत नाई. तुमी पाहा फक्त.”

मी स्कॅनर लावला. पडद्यावर आलं: युरिया क्वालिटी सेन्सर सर्किट. माझं डोकं तिथंच तापलं.

“मालक, इथं चार शब्द हायेत. तुमी दोन वाचले अन् मानसाले चोर ठरवलं. पुढचे दोन कोन वाचायचे?”

युरिया वाईट आहे असं ते यंत्र म्हणतच नव्हतं. ते म्हणत होतं, युरिया चांगला की वाईट हे सांगणाऱ्या सेन्सरचा निरोपच माझ्यापर्यंत नीट येत नाही. साक्षीदाराचा घसा बसला म्हणून आरोपीला फाशी देण्यातला प्रकार. स्कॅनर गल्ली दाखवतो, घर आपल्याला शोधावं लागतं. पण आमच्याकडे गल्ली दिसली की लोक पहिल्याच दाराला लाथ घालतात.

तरी मालकाच्या समाधानासाठी टाकीतला एक थेंब काढून तपासायच्या काचेवर टाकला, भिंगातून आधी स्वतः पाहिलं, मग त्याला दाखवलं. रेघ जिथं हवी तिथंच होती, म्हणजे युरिया चोख.

“इथं यायच्या आंधी टाकी धून नवा भरला असन,” मालक म्हणाला.

संशयाला औषध नाही म्हणतात ते खरं. म्हणजे आता खरा बिघाड हातात काढून दाखवल्याशिवाय हा माणूस सुटणार नव्हता. मी गाडीखाली शिरलो.

सेन्सरचा कनेक्टर काढला. सप्लाय बरोबर. निरोप नेणारी वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत शाबूत. अर्थच्या वायरीवर मीटर लावला तर तोही गोड वाजला. पुष्कळ जण इथं थांबतात आणि नवा सेन्सर लिहून देतात. पण मीटर चिमूटभर करंटवर खूश होतो. मी जुन्या पद्धतीनं तिथं पोटभर करंट मागणारा एक बारका बल्ब जोडला. बल्ब रॉकेल संपलेल्या चिमणीसारखा पेटला. आमच्या धंद्यात ‘अर्थ लागत नाही’ म्हणजे खरोखरच अर्थ लागत नाही, आणि तो लागला नाही की सेन्सर काय वाटेल ते बरळतो.

वायर हातानं चाचपत मागे गेलो. युरियाच्या टाकीमागं चेसिसला एक बोल्ट होता, त्याखाली वायरीची कडी. बोल्ट, कडी, चेसिस, सगळं एकसारखं काळं चकचकीत.

“हा रंग कवाचा?” मी विचारलं.

ड्रायव्हर जमिनीकडे बघत म्हणाला, “मालकाले इचारा.”

“पोयाचा,” मालक म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याचा आवाज मऊ झाला. बैलं होती तेव्हा तो पोळ्याला त्यांची शिंगं स्वतः रंगवायचा. आता ट्रक होता. आदल्या सांजेला त्यानं चाकाला हळद-तूप चोळलं, ‘आज आवतन घे, उद्या जेवाले ये’ म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी कोणाला हात लावू न देता चेसिस रंगवली. “बोल्ट खोलून खालून बी दोन हात मारले. गंज लागू नाई म्हून.”

त्या दोन हातांनीच घात केला होता. लोखंडाला लोखंड भिडायला हवं तिथं रंगाचा थर बसला. बोल्टाच्या आट्यांवर काही दिवस भागलं; पावसाचा चिखल शिरला, गंज धरला आणि अर्थ गेला. मला त्या माणसाचा राग आला आणि मायाही वाटली. राग जास्त.

“तुमच्या लाडानं सेन्सरचा गया दाबला,” मी म्हणालो, “अन् बिल या मानसाच्या नावावर फाडलं.”

बोल्ट खोलला, पॉलिश पेपरनं घासून लोखंड उघडं केलं, कडी आवळली, वरून ग्रीस लावलं. बल्ब लख्ख पेटला. कनेक्टर जोडून स्कॅनरनं बिघाडाचा कोड पुसला, हायवेला एक चक्कर मारून आणली. दिवा गेला होता आणि गाडी पहिल्यासारखी ओढत होती.

मालकानं किल्ली ड्रायव्हरपुढं धरली. “घे. चाल. मका भराचा हाये.”

ड्रायव्हरनं हात पुढं केला नाही. “मालक, तुमी मले चोर इथं नाई म्हनलं. फाट्यावर म्हनलं.”

मालकानं माझ्याकडे पाहिलं. मी मीटरच्या वायरी गुंडाळत होतो आणि त्या काही लवकर गुंडाळल्या जाणार नव्हत्या.

शेवटी मालक रस्त्याच्या कडेनं पायी निघाला, मागून ड्रायव्हर. हॉटेलच्या बाकांवर नेहमीचीच माणसं होती. इतक्या दुरून मला ऐकू येणं शक्य नव्हतं, पण मालक उभा राहून बोलत होता आणि कप खाली ठेवून सगळे ऐकत होते. मग त्यानं किल्ली टेबलावर ठेवली. ड्रायव्हर बसला, त्यानं चहा मागवला, शेवटच्या घोटापर्यंत सावकाश प्याला, आणि मग किल्ली उचलली.