मांडवाच्या दारातलं जुनं अत्तर

“मामा, ती बाटली खाली ठेवा. ठेवा म्हणते ना. पाव्हण्यांच्या हाताला हे लावलंत तर वऱ्हाड दारातनंच परत जाईल.”

सून ओरडत होती आणि मी अत्तराची बाटली पोटाशी धरून सोफ्याच्या पलीकडं उभा होतो. पुतणीचं लग्न त्याच दिवशी दुपारचं. आमच्या घरात कुठलंही लग्न असो, मांडवाच्या दारात उभं राहून येणाऱ्याच्या मनगटाला अत्तर लावायचं काम माझं. मिशी फुटायच्या आधीपासून माझं. नातेपुत्यापासून अक्कलकोटापर्यंत असा एक पाव्हणा दाखवा, ज्याच्या हाताला माझं बोट लागलेलं नाही. काहींनी तर त्यानंतर आठवडाभर आंघोळ केली नाही, असं त्यांच्या बायकाच सांगतात.

आणि या वेळी सुनेनं परस्पर ठरवलं होतं की हॉलवाल्यांच्या दोन मुली दारात उभ्या राहतील आणि नवंकोरं सेंट फवारतील. मी आत बसायचं. फेटा बांधून, शोभेला.

“प्रत्येक वस्तूला तारीख असते, मामा,” ती म्हणाली. “सेंट तीन-चार वर्षांत उतरतं. उन्हात ठेवलं तर त्याच्याही आधी. मी वाचलंय.”

“मग या बाटलीची तारीख सांग की.”

ती तारीख ब्रह्मदेवालाही सांगता आली नसती. आमच्याकडं रीतच तशी. प्रत्येक लग्नाला थोडं नवं अत्तर आणायचं, वापरायचं, आणि उरलेलं या मोठ्या बाटलीत ओतायचं. थोरल्या बहिणीच्या लग्नातला मोगरा तिच्यात, धाकट्या भावाच्या लग्नातली हिना तिच्यात, उन्हाळ्यातल्या लग्नांचा खस तर किती, मोजदाद नाही. बाटली कधी रिकामी झाली नाही आणि कधी धुतली गेली नाही.

“आणि ते दुबईचं सेंट कुणी ओतलं हिच्यात?” सुनेनं विचारलं.

मी ओतलं. तिकडनं आलेल्या भाच्यानं अर्धी बाटली दिली होती, ती काय मोरीत ओतायची? त्यानंतर बाटली तीन उन्हाळे पत्र्याखालच्या खोलीत, लोखंडी कपाटावर राहिली. त्या कपाटावर मी एकदा कच्चा पापड विसरलो होतो, तर तो भाजून, स्वतःहून उलटून, दुसऱ्या बाजूनंही भाजला होता. अत्तर त्या जागेवर टिकलं हेच त्याचं प्रमाणपत्र.

सुनेनं बूच उघडून हुंगलं आणि मान मागं घेतली. “लोणचं आंबल्यासारखा वास येलालाय.”

खोटं कशाला बोलू, येत होता. पण मी ऐकणारा नव्हे. शेवटी तह ठरला: दारात मी उभा राहणार, पण एकाही पाव्हण्यानं तोंड वाकडं केलं की अत्तराचं तबक त्या मुलींच्या हातात.

हॉलच्या दारात पहिला पाव्हणा आला नवऱ्या मुलाचा मामा, जेऊरचा. दाराएवढा माणूस. मनगटाला बोट लावलं, त्यानं हात नाकाशी नेला आणि माझ्याकडं बघत राहिला.

“पाव्हणं, हे काय हाय?”

“अत्तर.”

“अत्तर व्हय? मला वाटलं सांधेदुखीचं तेल.”

“गुडघा पुढं करा, तितंबी लावतो. वास दारात येत नसतो पाव्हणं. आत जाऊन बसा, मागनं येतो.”

मागं उभ्या असलेल्या सुनेनं त्या मुलींना खूण केली. मुली आल्या. मी तबक सोडलं नाही. एक मुलगी एका बाजूनं धरून, मी दुसऱ्या बाजूनं, आणि तेवढ्यात वऱ्हाड लोटलं. मोकळ्या हातानं मी जो सापडेल त्याला अत्तर लावत सुटलो. बँडवाल्याला लावलं, फोटोग्राफरला लावलं, मला आवरायला आलेल्या सुनेच्या मनगटाला लावलं, घोडीच्या कपाळाला लावलं. घोडी शिंकली. तिची तक्रार धरायची नाही, असं मी सुनेला लगेच बजावलं.

मग अर्ध्या तासानं आत अक्षता वाटायला सुरुवात झाली आणि हॉलमधले पंखे फिरायला लागले. दुबईचं ते स्पिरिटवालं सेंट उन्हात आंबतं, कबूल. पण ते आंबलेलं आधी उडून जातं. खाली तेलातला मोगरा, हिना, खस बसलेले असतात, त्यांना अंगाची ऊब लागली की ते उठतात. आणि ते उठले. मंगलाष्टकं चालू असताना शेकडो माणसं आपापलं मनगट हुंगत होती. भटजींचा सूर दोनदा घसरला. शेजारच्या हॉलमधलं वऱ्हाड वासाच्या मागं आमच्या पंगतीला येऊन बसलं, त्यांना जिलबी वाढून परत पाठवावं लागलं.

जेऊरचे मामा गर्दीतनं वाट काढत माझ्यापाशी आले आणि डावा हात पुढं केला.

“ह्यो राहिला की.”

मी लावलं, तबक उचललं आणि तडक सुनेसमोर जाऊन उभा राहिलो. “बघितलंस? अत्तर नासत नसतं. आता पुढच्या लग्नाला दारात कोण उभं राहणार, सांग.”

तिनं स्वतःचं मनगट नाकाशी नेलं, बराच वेळ तिथंच धरलं, आणि मग पदर सारखा केला.

“तुमीच राहा,” ती म्हणाली. “पाव्हण्यांना अर्धा तास आधी बोलवू.”