काचेतला ब्रश

आमच्या ब्योर्कमू गावात नोव्हेंबरात बर्फ पडत नाही, तो उकरून काढावा लागतो. मार्च महिन्यात ढीग करून लाकडाच्या भुशाखाली झाकलेला बर्फ शरद ऋतूत बाहेर काढायचा, ट्रॅक्टरने जंगलातल्या वाटेवर पसरायचा, आणि दोन्ही बाजूंना मेलेलं गवत असताना मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर हंगामातली पहिली स्कीची शर्यत घ्यायची. हे सगळं श्रमदानातून. श्रमदानाला जो येत नाही त्याच्याशी कोणी भांडत नाही, फक्त वर्षभर त्याच्याकडे कोणी नीट बघत नाही. माझ्या वाट्याला वर्षानुवर्षं स्की क्लबातला खाण्याचा स्टॉल आहे. वॉफल, तपकिरी चीज, कॉफी. खिडकीतून सुरुवातीची रेघ दिसते, शेवटचीही दिसते, आणि लोकांची अशी समजूत आहे की पीठ ढवळणाऱ्या बाईला ऐकू येत नाही.

एल्ड्रिड माझ्या शेजारची. सतरा वर्षांची, लांब हाडांची, बोलायला कंजूष. बाप समुद्रात तेलविहिरीवर कामाला, आईने शहरात दुसरा संसार मांडलेला. पोरगी वाढली ती आजोबांकडे, एम्ब्रेतकडे. तिला स्कीचं वेड होतं म्हणणं कमीच आहे. उन्हाळ्यात चाकांच्या स्कीवर डांबरी रस्त्याने टेकडी चढायची, पावसात दलदलीतून पळायची, संध्याकाळी चिखलाने भरलेले बूट माझ्या पायरीवर काढून पाणी प्यायला यायची. मी एकदा म्हटलं, "अगं, एखाद्या पोराबरोबर सिनेमाला तरी जा."

"कोणाबरोबर? त्यांना ती टेकडीसुद्धा चढता येत नाही," ती म्हणाली आणि दुसरा ग्लास मागितला.

तिला एकच गोष्ट हवी होती. जिल्ह्याचा संघ. हंगामाच्या सुरुवातीच्या शर्यती बघून निवडतात, आणि यंदा मोठ्या मुलींच्या गटात तिचं पहिलं वर्ष होतं. संघात गेलं की बाहेरच्या शर्यती, चांगले प्रशिक्षक, पुढचा रस्ता. नाहीतर ब्योर्कमू आहेच, आणि ब्योर्कमूत काय आहे ते मला विचारा.

आता एम्ब्रेतबद्दल. स्की बर्फावर घसरावी म्हणून तिच्या तळाला मेण लावणारा त्याच्यासारखा हात या खोऱ्यात नाही, हे मी त्याच्यावर कितीही चिडलेली असले तरी कबूल करते. चिमूटभर बर्फ बोटांत चोळायचा, आकाशाकडे बघायचा आणि कोणतं मेण ते सांगायचा. तळघरात त्याचं बाक, मेण वितळवायची त्याची इस्त्री, त्याचे ब्रश. तिथल्या कशालाही कोणी हात लावायचा नाही. एल्ड्रिडनेसुद्धा नाही. "तू पाय चालव, तळाचं मी बघतो," असं तिला लहानपणापासून सांगून ठेवलेलं. ती राज्यात गाजेल इतकी जोरात पळायची, पण मेणाची इस्त्री कधी हातात धरलेली नव्हती. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना, हे लक्षात ठेवा.

पूर्वी सगळेच फ्लोरीनचं मेण लावायचे. त्याने स्की नुसती सुटायची. पुढे कळलं की ते विष आहे, माणसाच्या रक्तात उतरतं, तळ्यातल्या माशांत उतरतं, आणि त्यावर बंदी आली. आमच्याकडे या बंदीचा सगळ्यात मोठा ढोल वाजवला एम्ब्रेतने. आपले सगळे डबे क्लबाच्या आवारात, चार लोकांसमोर, विषारी कचऱ्याच्या पेटीत टाकले. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या गावचा एक बाप मुलाच्या स्कीला तेच मेण सापडून पकडला गेला, तेव्हा म्हाताऱ्याने त्याला गाडीतळावर गाठून सर्वांदेखत सुनावलं, "चुकून काही होत नसतं. ज्याच्या मनात पाप त्याच्याच तळाला ते सापडतं." त्या माणसाचा मुलगा गाडीत बसून रडत होता. ते लोक पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. सगळ्यांना वाटलं, वा, काय तत्त्वाचा माणूस आहे.

डबे टाकले, पण ब्रश नाही टाकला. घोड्याच्या केसांचा, मागचं लाकूड त्याच्या तळहाताप्रमाणे झिजलेला. एल्ड्रिडचा बाप तरुणपणी जिंकायचा तेव्हापासूनचा. त्या केसांत वर्षानुवर्षांचं फ्लोरीन मुरलेलं होतं. एम्ब्रेतने तो साबणाने धुतला आणि खुंटीवर परत टांगला.

शर्यतीच्या आदल्या दुपारी मी त्याच्याकडे केकचा डबा परत द्यायला गेले होते. तळघराचं दार उघडं होतं. एल्ड्रिडच्या स्की बाकावर उलट्या, आणि म्हातारा मन लावून तोच ब्रश मारत होता.

"अरे, क्लबाने सांगितलंय ना, सगळ्यांनी क्लबाच्या झोपडीतच मेण लावायचं, नव्या हत्यारांनी?" मी म्हटलं.

"झोपडीत?" तो हसला. "तिथे तेर्ये इस्त्री फिरवतो. त्याला स्वतःचा शर्ट तरी इस्त्री करता येतो का विचार."

तेर्ये म्हणजे आमच्या क्लबाचा अध्यक्ष. शर्टाचं मात्र खरं होतं, म्हणून मीही हसले. वर स्वयंपाकघरात एल्ड्रिड लापशी खात होती. मी तिला तेच विचारलं. ती हळूच म्हणाली, "जाऊ दे ना, ओलाउग. मी स्की झोपडीत नेल्या तर आजोबाला काय राहतं?" आजोबाचं मन राखायला पोरीने क्लबाचं सांगणं मोडलं. एवढाच काय तो तिचा गुन्हा.

दुसऱ्या दिवशी ती जिंकली. नुसती जिंकली नाही, तिने बाकीच्यांना धुवून काढलं. शेवटच्या चढावर एम्ब्रेत नेहमीच्या जागी उभा राहून ओरडत होता, "दाब! अजून दाब! दुसरी मागे पडली!" आणि एल्ड्रिड रेघ ओलांडून बर्फावर आडवी झाली. उठली तेव्हा तोंडभर हसत होती. मी तिला इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि आता वाटतं, पुरतं बघून घ्यायला हवं होतं. मी साच्यात वॉफल तसाच टाकून टाळ्या वाजवत बसले, तो जळला.

पहिल्या काही जणींच्या स्की तपासायला तंबूत नेतात. एक यंत्र तळाला लावतात, हिरवा दिवा लागला की झालं. एल्ड्रिडच्या स्कीवर लाल लागला. पुसून पुन्हा लावलं. पुन्हा लाल. तंबू माझ्या खिडकीला लागूनच होता. आत तेर्ये, यंत्र धरणारी बाई, एल्ड्रिड, आणि थर्मास घेऊन आलेला एम्ब्रेत.

"मेण कोणी लावलं?" तेर्येने विचारलं.

म्हाताऱ्याने थर्मासचं झाकण उघडून काळ्या मनुकांचं गरम सरबत कपात ओतायला घेतलं होतं, ते तो ओतत राहिला. एल्ड्रिडने त्याच्याकडे पाहिलं. कप भरून वाहायला लागला.

"मी," ती म्हणाली.

"तू? एल्ड्रिड, तुला तर कधी..."

"मीच लावलं. घरात जुनं पडलं होतं, ते लावलं."

तेर्ये काय मूर्ख नव्हता. त्याने एम्ब्रेतकडे बघितलं. एम्ब्रेतने एक शब्द, फक्त एक शब्द बोलायचा होता. "ब्रश." झालं असतं. पहिली शर्यत गेली असती, पण लोक म्हणाले असते, म्हातारा आहे, चुकला. त्याने कप तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "पी. गार होईल."

त्या दिवशी संध्याकाळी स्टॉल बंद करून मी सरळ त्याच्या घरी गेले. तो लाकडं रचत होता.

"मी बघितलंय तुला तो ब्रश मारताना," मी म्हटलं. "लाज वाटते का काही?"

"मी तिला बोल म्हणून सांगितलं नव्हतं."

"आणि तू का नाही बोललास?"

तो लाकूड हातात घेऊन उभा राहिला. "त्या गाडीतळावर मी जे बोललो ते सगळ्यांना आठवतंय, ओलाउग. या वयात मी कुठे तोंड लपवू? ती लहान आहे. लोक विसरतात."

"लोक? ब्योर्कमूचे? तुझ्या आज्याने कोणाची गाय चोरली होती तेसुद्धा अजून सांगतात!"

मी तेर्येकडे जायला निघाले होते. फाटकापाशी एल्ड्रिड आडवी आली. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज ठाम होता.

"तू काही सांगायचं नाहीस."

"अगं, तुझा संघ जाईल!"

"मी उरलेल्या शर्यती जिंकेन. तळावर काही नसताना जिंकेन, मग त्यांना घ्यावंच लागेल. आजोबाला क्लब सोडून काय आहे? मी बाहेर जाईन, तो इथेच राहणार आहे." मग तिने माझा हात पकडला. "तू बोललीस तर मी तुझ्या पायरीवर परत येणार नाही." मला मूल नाही. त्या पायरीवर चिखलाचे बूट काढणारं दुसरं कोणी नाही. मी गप्प बसले.

तिने शब्द पाळला. झोपडीत जाऊन तेर्येच्या नजरेखाली स्वतः मेण लावायला शिकली, पहिल्यांदा बोटं भाजून घेतली. पुढच्या शर्यतीत, कशाबशा लावलेल्या मेणावर, तिसरी आली. त्याच्या पुढच्यात जिंकली. हिरवा दिवा. पण तिने रेघ ओलांडली तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत, लोक तंबूकडे बघत राहिले. दिवा हिरवा लागल्यावर माझ्या खिडकीसमोर एक बाई दुसरीला म्हणाली, "या वेळी नीट पुसलं असेल." मी तिच्या कॉफीत दूध घातलं नाही. याहून जास्त काही मला करता आलं नाही.

संघ जाहीर झाला, तिचं नाव नव्हतं. तेर्ये सांगायला स्टॉलवरच आला, कारण एल्ड्रिडला एकटीला गाठून सांगायचं धैर्य नव्हतं. "निकाल उत्तम आहेत तुझे, प्रश्नच नाही. पण निवड करणारे म्हणतात, संघात विश्वासाचं वातावरण लागतं. पुढच्या वर्षी बघू." एल्ड्रिड "बरं" म्हणाली. इतकंच. मग काउंटरवरचे रिकामे कप गोळा करायला लागली, जणू त्यासाठीच आली होती. मला वाटतं तेर्येला सगळं कळलेलं होतं. पण एम्ब्रेतला खोटा पाडण्यापेक्षा पोरीला वाईट ठरवणं सोपं होतं. गावात मान त्याचा होता, तिचं अजून कुठे नाव नव्हतं.

डिसेंबरात क्लबाचा वाढदिवस झाला. कोकराच्या बरगड्या, सलगमासारख्या कंदाचं भरीत, भाषणं. एम्ब्रेतला मानपत्र. तेर्ये म्हणाला, या माणसाने आम्हाला स्वच्छ स्की म्हणजे काय ते शिकवलं. गटातल्या सर्वांत लहान खेळाडूने फुलं द्यायची असा आमच्याकडे रिवाज आहे, आणि मोठ्या मुलींच्या गटात सर्वांत लहान एल्ड्रिडच होती. तिने फुलं दिली. म्हाताऱ्याने तिला मिठी मारली आणि रडला. सगळ्यांना ते फार हृद्य वाटलं. मी बरगडी ताटात तशीच ठेवली.

क्लबाच्या दारातल्या काचेच्या कपाटासाठी त्याच्याकडे काहीतरी आठवण मागितली होती. त्याने तो ब्रश दिला. तोच. खाली चिठ्ठी लावली आहे, "एम्ब्रेतचा ब्रश". त्याला घरात तो बघवेना म्हणून दिला, की खरंच मान म्हणून दिला, मला अजून कळलेलं नाही, आणि आता विचारायची इच्छाही नाही.

एल्ड्रिडने शर्यती सोडल्या, छातीवर लावायचा नंबर क्लबाला परत करून टाकला. आता मंगळवारी लहान मुलांना शिकवते, कारण श्रमदान चुकवणं तिच्या रक्तात नाही. परवा त्या कपाटासमोरच ती एका चिमुरडीच्या स्कीवरचा बर्फ झटकायला वाकली होती. मुलीची आई घाईने पुढे आली आणि स्की तिच्या हातातून काढून घेतली.

"राहू दे," ती गोड आवाजात म्हणाली. "आमच्या तळाला मीच हात लावते."

एल्ड्रिड उभी राहिली. हात कोरडे होते तरी पँटला पुसले. मग माझ्या खिडकीपाशी येऊन म्हणाली, "एक वॉफल दे, चीज जरा जास्त घाल." तिच्या पाठीमागे, काचेत, ब्रश दिव्याखाली चकचकत होता.