सशासाठी बंदूक

किमो सुरू झाल्यापासून आईचं जेवण सुटलं होतं. पुण्याजवळ मांजरी गावातल्या माझ्या फ्लॅटमध्ये मी वरण-भात, खिमट, सूप, सुचेल ते करून पाहिलं. आई घास तोंडात घोळवायची आणि ताट सरकवायची. सगळ्याला लोखंडाची चव येते म्हणायची. वजन आणखी उतरलं तर पुढचा डोस देता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी ऑफिसचा कॉल म्यूट करून ओट्यापाशी रडायचे आणि बाहेर येऊन तिच्यावरच खेकसायचे.

एका दुपारी ती आपण होऊन म्हणाली, "सशाचा रस्सा खावासा वाटते."

बाबा उठून चपला शोधायला लागले. विदर्भातल्या आमच्या गावी तरुणपणी त्यांच्याकडे छऱ्याची बंदूक होती. माझ्या जन्माआधीच ती गेली, पण आईच्या उपचारांसाठी इथे आल्यापासून उसाच्या कडेला फिरताना त्यांना ससे दिसत होते, हे मला तेव्हा कळलं. ससा मारणं गुन्हा आहे, हे मी त्यांना सांगून थकले. "तिनं मांगतलं हाय," एवढंच ते म्हणत राहिले. मला राग आला आणि तरी मी त्यांच्यासोबत बंदूक बघायला निघाले. कारण खरंच, कित्येक दिवसांनी तिने काहीतरी मागितलं होतं. निदान एकटे जाऊन काही भलतं करून बसायला नकोत.

स्वारगेटला उतरल्यावर मी त्यांना पढवलं. "कशासाठी विचारलं तर कबुतरं हाकलायला म्हणा. बाकी अक्षर बोलू नका." त्यांनी मान डोलावली.

पेठेतला बंदुकांचा दुकानदार आम्हाला बघून उठलासुद्धा नाही. "हात लावायच्या आधी विचारायचं," तो म्हणाला. पण बाबांनी पहिली बंदूक खांद्याला लावली तसा तो हळूहळू सरळ बसला. भिंतीवरची सगळ्यात भारी, सगळ्यात दणकट बंदूक त्याने काढून दिली, तर बाबांनी ती परत केली. नळी मोडून छरा भरताना त्यांचा दंड थरथरत होता. "हिचा जोर लय हाय. हात हालला का नेम गेला," ते म्हणाले. दुसरी तोंडाकडे जड होती. तिसरी हलकी, लाकडी दस्त्याची. ती त्यांनी पुन्हा पुन्हा खांद्याला लावली, एक डोळा मिटून समोरच्या कॅलेंडरवरच्या तारखेवर धरली आणि गालावर टेकवून तशीच ठेवली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या दुसऱ्या डोळ्याला कितपत दिसत होतं कोण जाणे.

"आजोबा, तुम्हाला कळतंय यातलं," दुकानदार म्हणाला. त्याच्या तोंडून ही फारच मोठी शाबासकी असावी. "कशासाठी हवीय आपल्याला?"

मी तोंड उघडणार तोच बाबा म्हणाले, "सशासाठी. कानामागंच लागला पायजे. नाईतर झुडपात जाऊन तडफडत मरते बिचारा."

"असं होय. मग पोलीस चौकी पलीकडच्याच गल्लीत आहे. आधी तिकडे नाव नोंदवून या."

माझा पारा चढला. कोणावर, ते ठरत नव्हतं. "बाबा, मी काय सांगितलं होतं?"

"तिच्या गळ्याखाली उतरायचं हाय ना ते? मंग खोटं बोलून कसं घेऊ?" मग दुकानदाराकडे वळून ते म्हणाले, "मालकीण जेवत नाई माही. किमो चालू हाय."

दुकानदाराने बंदूक त्यांच्या हातून घेतली, फडक्याने पुसली आणि जागेवर टांगली. "देणार नाही," तो म्हणाला, मघापेक्षा बऱ्याच हळू आवाजात. "बसा. पाणी घ्या."

परतताना बाबा बसच्या खिडकीतून बाहेर बघत होते. मला त्यांची इतकी दया आली की रागवायचं राहूनच गेलं. मांजरीला उतरल्यावर त्यांनी मुकाट्याने बोकडाचं मटण घेतलं.

घरी आल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात घुटमळले. आमच्याकडे शिकार घरच्या चुलीवर चढत नसे. पुरुषच अंगणात दगड मांडून ती रांधत आणि पुरुषच वाढत. एरवी बाबांनी कधी चहासुद्धा केलेला मी पाहिला नव्हता. गॅस पेटवायलाही त्यांना मला हाक मारावी लागली. मग मात्र मला बाहेर काढून त्यांनी कांदा-खोबरं आचेवर काळंकुट्ट भाजलं, घरभर धूर केला आणि खूप वेळाने आईसमोर वाटी ठेवली. स्वतः शेजारी बसले.

आईने एक घोट घेतला. "हा काई ससा नाई," ती म्हणाली.

बाबांचा चेहरा पडला. "भेटली नाई बंदूक."

"मले कुठं ससा पायजे होता?" ती म्हणाली. "शिकारीच्या दिवशी तुमी रांधत होते, तुमी वाढत होते. मी बसून जेवत होती." आणि तिने वाटी पुढे केली. "वाढा अजून थोडा."

बाबांनी वाढलं. ती जेवली, थोडंच, पण जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा डोळा उघडायच्या आत ते माझ्या उशाशी येऊन उभे होते. "बाई," त्यांनी हळूच विचारलं, "पोहे किती वेळ भिजवा लागते?"